लांडीच्या पायाची पट्टी

रेल्वेचा संप सुरू झाला आणि पूर्णा गाव मुकं झालं. एरवी लोको शेडचा भोंगा, डब्यांची आदळआपट, इंजिनांच्या शिट्ट्या यांच्यात माणसाला घरातल्या घरातही ओरडून बोलावं लागायचं. चौऱ्याहत्तरच्या त्या मे महिन्यात मात्र दुपारच्याला शेजारणीनं तांब्या खाली ठेवला तरी ऐकू यायचं. बंदोबस्तात एखादी गाडी जायची, तीही चोरासारखी.

कुसुमबाईला ती शांतता सोसत नव्हती. तिचा नवरा लिंबाजी शेडमध्ये फिटर होता. पकडापकडीची कुणकुण लागली तसं त्यानं पिशवीत कपडे कोंबले आणि मागच्या दारानं निघून गेला. कुठं जायलाय ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. माहीतच नसलं म्हणजे कुणी कितीही खोदून विचारलं तरी तोंडातून काही निघत नाही. क्वार्टरमध्ये आता ती आणि तिची सासू सरजाबाई, दोघीच राहिल्या.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं क्वार्टर बंद होतं. तिथं फायरमन दत्तराव आणि त्याची बायको गीताबाई राहायचे. गीताबाई दवाखान्यात आया होती. क्वार्टरांच्या लाइनीतलं कुणाचं पोर पडलं, कुणाला तव्याचा चटका बसला, कुणाच्या पायात खिळा घुसला की आधी तिच्याकडं पळायचं, अशी सगळ्यांना सवयच लागली होती. ती रागवायची, हात मात्र कापसासारखा चालायचा. गेल्या पावसाळ्यात काविळीनं ती गेली. दत्तरावाचं मन तिथं रमेना. त्यानं बदली मागून घेतली, चार भांडी उचलली, बाकीचं होतं तसं टाकलं आणि कुलूप लावून गेला. तेव्हापासून ते दार उघडलं नव्हतं.

लाइनीत एक करडी मांजर होती. शेपूट अर्धंच, म्हणून सगळे तिला लांडी म्हणायचे. ती कुणाचीच नव्हती. कुठं दूध मिळालं तर प्यायची, कोळशाच्या ढिगावर झोपायची, आणि कुणी हात लावायला गेलं की पंजा उगारायची.

एका दुपारी ती कुसुमबाईच्या मागच्या अंगणात तीन पायांवर उड्या मारत आली आणि रांजणाच्या सावलीला बसली. पुढचा डावा पाय तिनं वर धरला होता. कुसुमबाई जवळ गेली तर पळालीही नाही. पायाच्या वरच्या अंगाला दुसऱ्या मांजराच्या सुळ्याची खूण होती. भोवतालचे केस चिकटले होते आणि कातडी फुगून गरम लागत होती.

सरजाबाई म्हणाली, वरून रॉकेल ओत, किडे पडायचे न्हाईत. कुसुमबाईनं मान हलवली. मांजर अंग चाटते, रॉकेल तिच्या पोटात जाईल, असं गीताबाईनं एकदा कुणाच्या तरी पोराला बजावलेलं तिला आठवलं. तिनं पाणी उकळलं, त्यात मीठ टाकलं आणि कोमट होऊ दिलं. सरजाबाईनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात लांडीला गुंडाळून मांडीवर दाबून धरलं, फक्त तेवढा पाय बाहेर. कुसुमबाईनं कात्रीनं भोवतालचे केस कापले आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस जखमेवर धरून ठेवला. कापूस गार झाला की दुसरा धरायचा. हळूहळू खपली मऊ पडली आणि आतला पू वाहून गेला. लांडी गुरगुरली, पण तिनं ओरबाडलं नाही. पट्टी बांधायची म्हटली तर ती दातानं काढून टाकणार, म्हणून जखम तशीच मोकळी ठेवली. फडकं सोडताच लांडी भिंतीवर चढली आणि बंद क्वार्टरच्या अंगणात उतरली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या पायाला पट्टी होती.

पांढऱ्या फडक्याची, बोटभर रुंद, ना सैल ना घट्ट. गाठ जखमेवर न येता दुसऱ्या अंगाला मारलेली आणि गाठीची टोकं अगदी आखूड फाडलेली, म्हणजे दातात धरायला काही उरू नये. कुसुमबाईनं ती सोडली तर आतून कडुलिंबाचा पाला उकळल्याचा कडू वास आला. जखम धुतलेली होती.

तिला वाटलं, लाइनीतल्याच कुणाला तरी दया आली असेल. घागर भरायला नळावर गेली तेव्हा तिनं एकेकीला विचारलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं की इथं माणसांच्या पोटाची पंचाईत, मांजरीला पट्टी कोण बांधील. तिनं पुन्हा मिठाच्या पाण्यानं जखम पुसली आणि पाय उघडाच ठेवला. पुढच्या दुपारी पट्टी पुन्हा बांधलेली होती, तशीच, तीच गाठ.

सरजाबाईनं ती गाठ बोटानं चाचपली आणि लांडीला मांडीवरून खाली ठेवलं. मग संध्याकाळपर्यंत तिचं लक्ष कशातच नव्हतं.

त्यानंतर कुसुमबाई कान देऊन बसू लागली. दुपारी सगळी लाइन उन्हानं गपगार पडली की भिंतीपलीकडून एक आवाज यायचा. टर्र. जुनं सुती कापड एका दमात फाडावं तसा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग लांडी भिंतीवर दिसायची.

तिच्या मनात विचार आला तो लिंबाजीचा. दुसरा कुणाचा येणार? लिंबाजीला घर सोडून लांब करमत नाही. कुलूप पुढून लागलेलं, मागच्या खिडकीची काच फुटलेली, आत कुणी जाऊन बसलं तर कुणाला शक येणार? तो इतक्या जवळ, भिंतीपलीकडं आहे, या विचारानं तिनं भिंतीला हात लावून पाहिला. लिंबाजीला मांजरं अजिबात आवडत नाहीत, ही गोष्ट तिला आठवत होती. पण एकट्या माणसाला काय सुचेल सांगता येत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून ती हाक मारायची नाही. दोन भाकरी आणि कांदा भिंतीच्या माथ्यावर ठेवायची आणि आत यायची. घटकाभरानं बघावं तर भाकरी गेलेली असायची. कावळ्यानं नेली म्हणावं तर एक चतकोरसुद्धा खाली सांडलेला नसायचा. तिचा जीव थोडा थाऱ्यावर आला. स्वतः अर्धपोटी राहून ती रोज भिंतीवर ठेवत राहिली. सरजाबाई हे सगळं बघत होती, पण तिनं हटकलं नाही.

एकदा मात्र कुसुमबाईला राहवलं नाही. तिनं घमेलं पालथं घातलं, त्यावर चढली आणि भिंतीवरून डोकावली. पलीकडच्या अंगणात गवत वाळून पिवळं पडलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत लांडी बसली होती, तोंड आतल्या बाजूला करून. तिनं दुखरा पाय फुटक्या काचेतून आत पुढं केला होता, शाळेतलं पोर नखं दाखवायला हात पुढं करतं तसा. पाय हवेत होता, पण लांडी तो उचलून धरत नव्हती. तो कुणीतरी खालून धरला होता. पाय थोडा वळला, मग पुन्हा सरळ झाला. आत काळोख होता आणि कुसुमबाईला हात काही दिसला नाही.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "अवो, मी हाय. तुमाला काय पायजे का?"

लांडीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आत पाहू लागली.

"भाकरी पुरायलीय का? पाणी ठिवू का?"

आतून कापड फाडल्याचा आवाज आला, टर्र, आणि त्यापाठोपाठ जिभेनं केलेली चुक् अशी बारीक रागाची चुकचुक. काम चालू असताना मध्ये बोललं की करतात तशी. लिंबाजी तसं कधी करत नव्हता. कुसुमबाई घमेल्यावरून उतरली. आत येऊन ती सासूजवळ बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तिकडं तुमचा लेकच हाय न्हव?"

सरजाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला केलं.

"माझ्या लेकाला गाठ मारता येत न्हाई, कुसुम. त्याच्या पायजम्याची नाडी मी बांधून देत होते, आता तू देतीस."

पुढं काय म्हणायचं ते दोघींनाही उमगत होतं, पण म्हणवत नव्हतं. छप्पनच्या दीक्षेनंतर सरजाबाईनं स्वतःच्या हातानं देव्हारा उचलला होता. भूत, अंगात येणं, उतारा, यातलं काही त्या घरात कुणी मानत नव्हतं. आणि जे मानत नाही ते तोंडानं कसं बोलायचं? त्या दुपारी सरजाबाईनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली आणि दोघी बराच वेळ हात जोडून बसल्या. दुसऱ्या दिवशीही कुसुमबाईनं भिंतीवर भाकरी ठेवलीच. का ठेवली ते तिला सांगता आलं नसतं. आता थांबलं तर बरं दिसणार नाही, एवढंच तिला वाटलं.

लांडीचा पाय सुधारत गेला. सूज उतरली, लालसर कातडीवर बारीक केस उगवले. एक दिवस ती चारही पायांवर चालत आली आणि पायाला पट्टी नव्हती. त्या दिवसापासून भिंतीवरची भाकरी तशीच राहू लागली. संध्याकाळी कुसुमबाई ती वाळलेली भाकरी उचलून आत न्यायची.

मग संप मिटला. लिंबाजी परतला तो पोखर्णीहून, चालत. तिथल्या एका दोस्ताच्या मळ्यावर तो इतके दिवस होता. दाढी वाढलेली, अंग काळंठिक्कर पडलेलं. कुसुमबाईनं त्याला जेवू दिलं आणि मग विचारलं, इकडं एकदा तरी येऊन गेलात का? तो हसला. नदीच्या पुलापासून पुढं पाऊल टाकलं असतं तर धरलंच असतं म्हणाला. मग तिनं सगळं सांगितलं. ऐकताना त्याचं हसू गेलं. कुणीतरी दुसरा कामगार लपला असेल, असं तो ठामपणे म्हणाला. आपण असलं काही मानत न्हाई, हेही म्हणाला. पण त्यानं आवाज खाली आणला होता.

पावसाच्या आधी ते क्वार्टर दुसऱ्या कुणाला मिळालं आणि शेडमधला खलाशी किशनराव चावी घेऊन दार उघडायला आला. लिंबाजी घरीच होता. आपल्या म्हणण्याचा पुरावा दाखवावा म्हणून तो बायकोला घेऊन सोबत गेला.

आत धूळ होती. वर्षभराची, कोळशाची काळी, पावलाखाली मऊ लागणारी. तिच्यावर माणसाचं पाऊल कुठंच नव्हतं. फक्त मांजरीचे पंजे, खिडकीपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत. जाऊन येऊन त्यांची पायवाटच पडली होती. ओट्यावरच्या फळीवर भाकरींची चळत रचलेली होती. एकीवर एक, काठाला काठ लावून, लाकडासारख्या वाळलेल्या. बाजूला कांदे मांडले होते, त्यांना लांब पिवळे कोंब फुटले होते. एकाही भाकरीचा घास तोडलेला नव्हता.

दोरीवर दत्तरावानं तसंच सोडलेलं गीताबाईचं पांढरं लुगडं होतं. एका टोकाकडून ते अर्ध्याहून अधिक संपलं होतं. बोटभर रुंदीच्या पट्ट्या सरळ फाडून नेल्यासारखी त्याची कड होती. किशनरावानं ते हातात घेतलं आणि लगेच सोडलं.

"वहिनी, हे ओलं हाय," तो म्हणाला.

छत गळलं असेल, लिंबाजी म्हणाला. कुणीच त्याला आठवण करून दिली नाही की अजून पाऊस पडला नव्हता. त्यानं वर पाहिलं, कोरडं छत पाहिलं, मग खाली पाहिलं आणि बाहेर जाऊन अंगणात उभा राहिला. कुसुमबाईनं लुगडं नाकाशी नेलं. लिंबाच्या पाल्याचा वास होता. तिला त्या वेळी भीती वाटली नाही. तिनं भाकरी पदरात घेतल्या, लुगडं खांद्यावर टाकलं आणि जाताना मोकळ्या खोलीत हलकेच बोलली, "गीताबाई, पाय बरा झाला बघा तिचा."

लिंबाजीनं त्या भाकरी नदीवर नेऊन सोडल्या. न सांगता नेल्या.

पावसाला सुरुवात झाल्यावर दत्तराव कसल्याशा कागदासाठी पूर्णेला आला आणि चहाला त्यांच्याकडं थांबला. खूप वाळला होता. कुसुमबाईनं धुऊन घडी केलेलं लुगडं त्याच्यापुढं ठेवलं आणि अर्धंच राहिलंय म्हणून सांगितलं. बाकीचं कुठं गेलं ते त्यानं विचारलं नाही. घडीवरून हात फिरवत तो म्हणाला की शेवटी तापात ती सारखी फडकी मागायची, ह्याला बांधायचंय, त्याला बांधायचंय म्हणायची, आणि मी म्हणायचो, गप पड, सगळ्यांचं झालं बांधून. एवढं बोलून त्यानं बशीतला चहा संपवला, लुगडं काखेत धरलं आणि अकोल्याच्या गाडीसाठी निघाला.

लांडी रांजणाजवळ बसली होती. तो दारातून बाहेर पडला तशी ती उठली आणि त्याच्या मागं चालू लागली. चारही पायांवर, अर्धं शेपूट वर करून. दत्तरावानं वळून पाहिलं नाही. कुसुमबाई आणि सरजाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. फाटकापाशी तो रूळ ओलांडून पलीकडं गेला, त्याच्यामागून मांजरही गेली. मग आडवी मालगाडी आली. ती निघून गेल्यावर पलीकडं कुणी दिसलं नाही. लांडी त्यानंतर लाइनीत पुन्हा कधी आली नाही.