जिन्याच्या मध्यावर थांबलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण मला पाय नाहीत. जिन्याच्या कडेने भिंतीलगत एक लोखंडी रूळ बसवलेला असतो. त्यावरून मी वर जाते आणि खाली येते. ज्यांचे गुडघे थकले आहेत, त्यांना मी त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर पोहोचवते. माझ्यावर बसायचे, पट्टा लावायचा, बटण दाबून ठेवायचे आणि धीर धरायचा.

कारखान्यात मला एकच नियम शिकवला होता. वाटेत काही आडवे आले की थांबायचे. मांजर असो, चप्पल असो, माझ्या पाय ठेवायच्या फळीला काही टेकले की मी जागच्या जागी उभी राहते. वर माणूस बसलेला असताना अडथळ्यावर चालून जायचे नाही. हा नियम मी आजवर मोडलेला नाही.

इंग्लंडच्या उत्तरेकडे डोंगरउतारावर एक गिरण्यांचे गाव आहे. तिथल्या नगरपालिकेने मला मेव्हिसच्या घरात आणून बसवले. घरही नगरपालिकेचेच होते. पहिल्याच दिवशी मेव्हिस माझ्यावर बसली आणि लेकीला म्हणाली, "जॅनिस, हात हलवू का ग? खाली प्रजा उभी आहे असं वाटतंय."

"प्रजेला भांडी घासायचीत. तू पट्टा लाव," जॅनिस म्हणाली.

आईला सांभाळण्यासाठी जॅनिस दुसऱ्या गावची आपली भाड्याची खोली सोडून आली होती. मी वर चढायची तेव्हा ती आईच्या खांद्यावर हात ठेवून शेजारून एकेक पायरी चढायची. स्वतः मात्र माझ्यावर कधी बसली नाही. तिचा धक्का मला लागला तर ती मला "सॉरी" म्हणायची. तिकडची माणसे तशी बोलण्यात मऊच, पण खुर्चीची माफी मागणारी मी एवढी एकच पाहिली.

फेब्रुवारीत मेव्हिस वरच्या खोलीत वारली. तिला शेवटचे वर सोडल्यापासून मी वरच उभी होते. तिचा निळा स्वेटर माझ्या पाठीवर राहिला. जॅनिस माझ्यावरची धूळ पुसायची, पण स्वेटरभोवतीची जागा तेवढी पुसायची. तो उचलायची नाही.

आणि मग सुरू झाला तो घोळ. मित्रांनो, तो आठवला की आजही माझा रूळ तापतो.

नगरपालिकेच्या घरभाडे विभागाच्या एक बाई आल्या. जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या आईंबद्दल फार वाईट वाटलं. घर एकदा वडिलांच्या नावावरून आईंच्या नावावर झालंय. दुसऱ्यांदा करता येत नाही. सोमवारी दुपारपर्यंत किल्ल्या आणून द्याल ना?"

"सॉरी, पण मग मी राहायचं कुठे?"

"त्याला बेघर विभाग आहे. आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर."

जॅनिसने वरच्या मजल्याला फोन लावला. माझ्या शेजारच्या पायरीवर बसून ती बराच वेळ फोनमधली तीच ती पेटीची धून ऐकत राहिली. शेवटी एक गृहस्थ बोलले.

"किल्ल्या अजिबात देऊ नका. दिल्यात, तर तुम्ही आपणहून घर सोडलं असं होतं. मग आम्हाला मदत करता येत नाही."

"पण तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, द्या."

"त्यांच्या बाजूने त्या बरोबरच आहेत."

"मग मी निघू तरी कधी?"

"कोर्टाची माणसं दारात येऊन कुलूप बदलतील तेव्हा."

"सॉरी, म्हणजे मला हाकलून देईपर्यंत मी बसून राहायचं?"

"आम्ही असं म्हणत नाही. पण हो."

तुम्हीच सांगा, याला काय म्हणावे? एकाच इमारतीतली माणसे एकच चहा पितात, एकाच दाराने घरी जातात, आणि मधला जिना काही कोणी चढत नाही!

शेजारची नोरीन हे ऐकून उसळली. "त्या किल्ल्यांना हात लावशील तर बघ!" पण जॅनिसला कोणाच्या जागेत नकोसे होऊन राहणे जमणारे नव्हते. सोमवारी सकाळी तिने सारे घर घासूनपुसून लख्ख केले. नगरपालिकेला घर घाणेरडे परत द्यायचे कसे, म्हणून! बॅग भरली, ओढत जिन्याच्या मध्यापर्यंत आणली, दमली आणि तिथेच टेकवली. मग ती स्वेटर घ्यायला परत वर आली.

स्वेटर तिने उचलला नाही, अंगात घातला. बाह्यांना हात लावून थोडी उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसली. किल्ल्या मुठीत होत्या. तिने पट्टा लावला, बटण दाबले. मी निघाले, आणि मध्यावर बॅगेला टेकून थांबले.

तिने पुन्हा पुन्हा बटण दाबले. मी हलले नाही. पट्टा सोडून चालत उतरणे तिला काहीच अवघड नव्हते. पण ती बसून राहिली. बराच वेळ तिचे खांदे हलत होते.

इतक्यात दारातल्या पत्रे टाकायच्या फटीतून नोरीनचा आवाज आला. "जॅनिस! दिल्यास का किल्ल्या?"

"नाही."

"आहेस कुठे?"

"आईच्या खुर्चीत. अडकलेय."

"मग पट्टा सोड आणि उतर की, बये!"

जॅनिसने नाक पुसले. "नाही उतरत. नोरीन, मी किल्ल्या देत नाही. येऊ दे त्यांना कुलूप बदलायला."

मग नोरीन म्हणाली, "शाब्बास! आता दार तेवढं उघडायला उतर. मटणाचं भांडं आणलंय, हात भाजताहेत."

दुपारी खालच्या मजल्याचा फोन आला. जॅनिस "नाही" म्हणाली. त्याच्या मागेपुढे सॉरी नव्हते.

कोर्टाची माणसे उन्हाळ्यात आली. जॅनिसने त्यांनाही चहा विचारलाच. त्याच दिवशी नगरपालिकेचा माणूस मला न्यायला आला. त्याने माझा रूळ उतरवला, मला पुसले, जाड घोंगडीत गुंडाळले. "हिला जपून घ्या रे, हिचं पुढचं घर ठरलंय," तो हमालांना म्हणाला.

जॅनिस बाहेरच्या कठड्यावर बॅग घेऊन बसली होती. तिचे अजून ठरले नव्हते. मला जपणारी तीच नगरपालिका, मित्रांनो, आणि तिला ताटकळत ठेवणारीही तीच!

गाडीचे दार लागण्याआधी तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली.

"काय म्हणतो वरचा मजला?" नोरीन कुंपणावरून ओरडली.

"खोली दिली. शेजारच्या गावात, तळमजल्याला." जॅनिसने स्वेटरची बाही डोळ्यांना लावली. "आई असती तर म्हणाली असती, आधीच तळमजला दिला असता तर खुर्चीचा खर्च वाचला असता."

आता मी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी आहे. तो मला नीट ठेवतो. माझी काही तक्रार नाही.

पण तुमच्यातले काही जण मोठे होऊन अशाच एखाद्या टेबलामागे बसतील. समोर कोणी सॉरी सॉरी म्हणत उभे राहिले, तर त्याला वरच्या मजल्यावर धाडू नका. तुम्हीच उठा आणि त्याच्यासाठी वर जाऊन या. मध्ये जिना असतो, मित्रांनो, आणि प्रत्येक जिन्याला मी नसते.