बर्फात मुरलेलं लोखंड

मी एक जुना लेथ आहे. जुना म्हणालो, मोडका म्हणालो नाही. मित्रांनो, हे आधीच कानात घालून ठेवा, कारण या तंत्रशाळेच्या तळघरात माझ्याकडे बोट दाखवून लोक सर्रास दुसरा शब्द वापरतात.

माझा जन्म उरल डोंगरांच्या पायथ्याशी एका कारखान्यात झाला. तेव्हा आमचा देश घाईत होता. बाकीच्या जगाला गाठायचे आणि मागे टाकायचे, असे फाटकावरच्या लाल कापडावर लिहिलेले असे. धरणे बांधायची होती, वीजघरे उभी करायची होती, आकाशात रॉकेटे सोडायची होती. त्या सगळ्यांना यंत्रे हवी होती, आणि यंत्रांचे सुटे भाग कातणारे आम्ही लेथ. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण त्या घाईचीही एक तऱ्हा होती. महिन्याच्या सुरुवातीला कच्चा माल आलेला नसे, म्हणून सगळे चहा पीत बसत. मध्यावर जरा जाग येई. शेवटच्या आठवड्यात मात्र कारखान्याच्या अंगात येई, कारण मॉस्कोने ठरवून दिलेला आकडा महिनाअखेर पुरा व्हायलाच हवा. आमच्याकडची शहाणी माणसे साधा फ्रीज घेतानाही तो कुठल्या तारखेला बनला ते आधी बघत. मी महिनाअखेरचा. हसा खुशाल.

लेथचा कणा म्हणजे त्याचा बेड. एक लांबलचक ओतीव लोखंड. फौंड्रीतून नुकतेच आलेले लोखंड आतून अस्वस्थ असते, हळूच अंग चोरते, वाकते. म्हणून जुने कारागीर ते अंगणात टाकून देत. ऊन, पाऊस, बर्फ खात ते तिथे पडून राही आणि पिंपात खारवलेल्या कोबीसारखे मुरे. एकदा मुरले की ते वाकत नाही. त्या वर्षी अंगणातले मुरलेले लोखंड संपले होते आणि आकडा मात्र वाढला होता. मला तसाच कोवळा उचलून आत आणले.

माझी जुळणी कापितोलिनाकडे होती. सगळे तिला कापा म्हणत. रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ बाई. मला पाहताच तिने नाक मुरडले आणि विभागप्रमुख नाझार इल्यिच यांना सांगितले की हे लोखंड कच्चे आहे. त्यांना ते दिसत नव्हते असे नाही, लोखंड ओळखायला तिला त्यांनीच शिकवले होते. तू जुळव, पुढचे पुढे पाहू, एवढेच ते म्हणाले.

कापाने मला जीव लावून घासले. अंगावर पाणसळ ठेवली की काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये उभा राही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिने ती पुन्हा ठेवली, तर बुडबुडा बाजूला सरकलेला. मी केसभर वाकलो होतो. त्यात माझा काय दोष? मला कोणी विचारून ओतले नव्हते.

मी त्या संध्याकाळच्या मालगाडीत चढलो असतो तर विभागाचा आकडा पुरा होणार होता, आणि नव्या इमारतीतल्या दोन खोल्या आमच्या विभागाला मिळणार होत्या. एक कापाला. दुसरी क्रेन चालवणाऱ्या रिम्माला. रिम्मा कापाची जिवाभावाची मैत्रीण. नवरा, जुळी पोरे आणि सासू यांच्यासह ती बराकीत पडद्याने आडोसा करून राहत होती, आणि पडद्यापलीकडे दुसरे कुटुंब होते.

क्रेनचा हूक खाली आला. साखळ्या माझ्याभोवती बांधून झाल्या. तेव्हा कापाने अॅप्रन सोडला, माझ्या बेडवर अंथरला आणि ती चक्क माझ्यावर बसली.

"कापा, ऊठ," नाझार इल्यिच म्हणाले.

"आपल्याकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की माणसं आधी घडीभर टेकतात ना? हा निघालाय. म्हणून टेकले."

कोणीतरी हसले. ही रीत आमच्याकडे कोणी मोडत नाही. पक्षाचा चिटणीससुद्धा निघताना आपल्या सुटकेसवर टेकतो.

"झाली घडी."

"माझी नाही झाली अजून."

नाझार इल्यिच जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खोली जाईल तुझी. आणि तुझ्या एकटीचीच नाही."

"माहितेय. वर तिच्याकडे बघवत नाही म्हणून तर मान खाली घालून बसलेय."

त्यांनी वर पाहून रिम्माला उचलायला सांगितले. साखळी ताणली गेली. सगळा विभाग माना वर करून उभा होता. मग साखळी पुन्हा सैल पडली आणि रिम्माचे डोके केबिनबाहेर आले.

"मी लोखंड उचलते, नाझार इल्यिच. माणसं उचलायचा परवाना नाही माझ्याकडे."

एवढे बोलून तिने डोके आत घेतले आणि ती हमसून हमसून रडली. खाली सगळ्यांना ते ऐकू येत होते. भोंगा झाला, मालगाडी माझ्याशिवाय गेली.

उत्तम कामगारांच्या मानफलकावरून कापाचा फोटो उतरवला. दोन्ही खोल्या दुसऱ्या विभागाला गेल्या. मला पुन्हा सुटा करून बेड अंगणात फेकला, आणि तिथे मी दोन हिवाळे काढले.

अंगणात कोवळे ऊन पडायचे ते नेमके माझ्यावर. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत कापा एका टोकाला येऊन बसे आणि रिम्मा दुसऱ्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून. बोलणे नाही. असे बरेच दिवस चालले. एकदा रिम्माने खारवलेल्या काकडीचा अर्धा तुकडा माझ्यावरून कापाकडे सरकवला.

"तुझ्या या लाडक्यापायी सासू अजून माझ्या कानाशी घोरतेय," ती म्हणाली. "आता निदान सरळ तरी निघू दे मेला."

मी अडलो त्याच महिन्यात कच्च्या लोखंडाची जी माझी भावंडे धरणावर गेली होती, ती वर्षाच्या आत तक्रारींसह परत आली. त्या दिवशी नाझार इल्यिच अंगणात आले. हातमोज्याने त्यांनी माझ्यावरचा बर्फ झटकला आणि ते परत गेले.

दुसरा हिवाळा सरला तेव्हा कापाने मला पुन्हा जुळवले. बुडबुडा मध्ये आला आणि तिथेच राहिला. निघताना माझ्या खोक्यावर स्वतः नाझार इल्यिच टोपी काढून टेकले, त्यांच्यामागून सगळा विभाग मिळेल तिथे टेकला. त्या दिवशी कापा सगळ्यांत आधी उठली. बऱ्याच वर्षांनी रिम्माला खोली मिळाल्याचे कानावर आले, पण तोवर तिच्या पोरांना मिसरूड फुटले होते. ती किंमत माझी आहे, मित्रांनो, आणि ती मी विसरलेलो नाही.

पुढे नदीवरच्या बोटींच्या इंजिनांचे दांडे कातले, मग या तंत्रशाळेत कित्येक पिढ्यांचे हात माझ्यावर तयार झाले. मास्तर माझी पाठ थोपटत. मग देश बदलला, झेंडा बदलला, आमच्या कारखान्यात सोफ्यांचे दुकान निघाले आणि माझ्यावर रंगाचे डबे ठेवू लागले. त्या राजवटीचे सगळेच लोखंड गंजके, असे आता लोक बोलतात. त्या राजवटीने चुका केल्या. त्यातली एक मी स्वतः होणार होतो. पण कापाही त्याच राजवटीतली होती. हे दोन्ही एका दमात सांगता येत नसेल, तर माझ्याबद्दल बोलू नका.

उद्या भंगाराचा ट्रक येणार आहे. मी गयावया करणार नाही. फक्त रीत पाळा. नेण्याआधी घडीभर माझ्यावर टेका आणि शेजारी पाणसळ ठेवा. बुडबुडा सरकला, तर मी निमूटपणे जाईन. नाही सरकला, तर उठू नका.