उणे आधी

माझ्या लेकीला घरात आम्ही ठकू म्हणतो. म्हणून बाहेरच्यांनी तिला ठक म्हणावं, असा काही नियम नाही. पण त्या सोमवारी कॉलेजातून पत्र आलं आणि त्यात तेच लिहिलं होतं, फक्त जरा सभ्य शब्दांत. "परीक्षेदरम्यान कॅल्क्युलेटरमधील प्रतिबंधित सुविधेचा वापर केल्याचा संशय आहे. पालकांनी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. आरोप सिद्ध झाल्यास या परीक्षेचे सर्व पेपर रद्द होतील." सर्व पेपर रद्द म्हणजे पोरीचं अख्खं वर्ष गेलं.

हा कॅल्क्युलेटर म्हणजे बेरीज-वजाबाकीचा साधा डबा नव्हे. तळहाताहून थोडा मोठा, आणि सगळा कारभार स्क्रीनवर बोटाने. समीकरण लिहिलं की आलेख काढतो, आलेख बोटाने सरकवला की समीकरण बदलतं. नुसते आकडेच नाही, एक्स-वाय घातलेली गणितंसुद्धा सोडवतो. ज्याला आम्हाला पान भरून लिहावं लागायचं, ते हा डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर ठेवतो. कोणी हौसेने घेतला नव्हता, कॉलेजच्याच यादीत होता. परीक्षेत मात्र ही अक्षरं सोडवायची सोय कुलूपबंद करायची. कुलूप लागलं की माथ्यावरचा बारका हिरवा दिवा लुकलुकतो; पेपर संपला की कुलूप काढायचं. पर्यवेक्षक वर्गात ते दिवे बघत फिरतात. ठकूचा दिवा लुकलुकत नव्हता, असं पत्रात होतं.

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथवर ठीक होतं. पण तो राग कॉलेजच्या पत्त्यावर जायचा सोडून घरच्याच पत्त्यावर पोचला.

"केलंस का तू हे?"

"नाही."

"मग दिवा का नव्हता लागलेला?"

"मला काय माहीत? मी पेपर लिहीत होते, दिवा बघत नव्हते."

"उलट बोलू नकोस. उगाच कोणी पत्र पाठवतं का?"

"आई, सरांना माझं उत्तर खटकलंय. दिवा त्यांना मागाहून आठवलाय. निदान विचार तरी, काय उत्तर होतं ते."

"उत्तराचं नको सांगूस मला. दिव्याचं सांग."

त्यानंतर ठकूने स्वतःच्याच तोंडाला कुलूप लावलं. चार दिवस 'हो', 'नाही' आणि 'भूक नाही' एवढ्यावर घर चाललं. मी भांडी आपटली, कपाटाची दारं आपटली. ती आपल्या जागी बसून पुढच्या पेपरचा अभ्यास करत राहिली. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला राग आला. चूक केली नसती तर हिने आकाशपाताळ एक केलं असतं, असं मला वाटत होतं. मी तसंच केलं असतं ना!

मग आली माझी थोरली बहीण. ताईची सगळी नोकरी फायलींत गेली. जगात असं काही नाही जे अर्ज केल्याने सुटत नाही, अशी तिची समजूत. "वाद घालत बसू नकोस," ती म्हणाली. "माफीचं पत्र लिही, हातापाया पड आणि पोरीचं वर्ष वाचव."

आणि मी लिहिलं. कारखान्यात फोरमनच्या तोंडावर 'तुमचं ड्रॉइंग चुकलंय' म्हणून सांगणारी मी, टेबलावर रेघांचा कागद घेऊन बसले आणि लिहिलं: 'माझ्या मुलीच्या हातून चूक झाली. क्षमा असावी. पुन्हा असे होणार नाही.' वर तिचा हजेरी क्रमांक, खाली सहीसाठी जागा. सही त्यांच्यासमोरच करू म्हटलं. घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं.

शुक्रवारी प्राचार्याबाईंच्या खोलीत आम्हाला बसवलं. आमच्या खुर्च्या त्यांच्या खुर्च्यांपेक्षा चार बोटं खाली होत्या. टेबलावर ठकूचा कॅल्क्युलेटर प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी डकवलेली. बाईंच्या शेजारी गणिताचे सर. त्यांनी घसा खाकरला.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "तीच तर भानगड आहे."

बरोबर उत्तराची भानगड मी जन्मात पहिल्यांदाच ऐकत होते.

"साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन. मी वर्गात शिकवलंय की साइनला टी धरा. उत्तर येतं साइन वर्ग भागिले दोन. एकशे बारा मुलांनी तेच लिहिलं. एकटी ही बघा काय लिहिते. आमच्या वर्गात असलं उत्तर कोणी लिहीत नाही. हे यंत्राचं उत्तर आहे."

त्यांनी उत्तरपत्रिका माझ्याकडे सरकवली. तोवर मी ती पाहिली नव्हती. पाहायला मागितलीही नव्हती.

लाल पेनाने गोल केला होता. गोलात ठकूचं अक्षर: उणे कॉस वर्ग एक्स भागिले दोन, अधिक सी. वरच्या ओळीत, 'कॉसला टी धरू.' आणि ते उणेचं चिन्ह केवढं! लांब, ठसठशीत, बाकी सगळ्यांच्या पुढे जाऊन बसलेलं.

मी त्या चिन्हावर बोट ठेवलं.

मी लेथवर काम करते, एकोणीस वर्षं झाली. चाळीस मिलिमीटर जाडीचा रॉड येतो, तो कातून अडतीस पूर्णांक दोनचा करायचा असतो. नवा माणूस काय उरायला हवं तिकडे बघत बसतो आणि जास्त काढून टाकतो. मी आधी काढायचं काय ते खडूने मशीनवर लिहिते: उणे एक पूर्णांक आठ. मगच हात लावते. ठकू सहावीत होती तेव्हा तिची उणे चिन्हं सारखी हरवायची. दुसऱ्या ओळीत असायचं, चौथ्या ओळीत गायब. तेव्हा घरातल्या टेबलाशी बसवून मीच तिला बजावलं होतं, "उणे आधी. जिथून उणे निघतंय तिथूनच सुरुवात कर. ते पुढे आणून बसव, मग बाकीचं बघ." रोज तेच. पोरगी वैतागून म्हणायची, "कळलं गं, उणे आधी!"

साइन आणि कॉस दोन्ही समोर असतील, तर आमच्या घरात टी कुणाला धरणार? कॉसला. कारण डेरिव्हेटिव्ह काढलं की उणे त्याच्यातून निघतं.

ते उणे माझं होतं. मी ते ओळखलं नव्हतं. चार दिवस दिवा, दिवा करत बसले होते. मी ठकूकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

"सर," मी म्हटलं, "हे यंत्राचं उत्तर आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरं कुठून येणार?"

"यंत्राला विचारलंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे गणित त्या यंत्रात घालून बघितलंत का? पत्र लिहायला वेळ मिळाला, पिशवीवर चिठ्ठी डकवायला वेळ मिळाला. एकदा बोट लावून बघायला मिळाला का?"

"हे बघा ताई, इतक्या वर्षांच्या अनुभवावरून..."

"मी तुमची ताई नाही. अनुभव राहू द्या बाजूला. बोटं आहेत ना? दाबा."

माझा आवाज दाराबाहेर गेला असावा, कारण शिपाई आत डोकावला. डोकावू दे. प्राचार्याबाईंनी पिशवी उघडली आणि कॅल्क्युलेटर सरांपुढे ठेवला. सरांनी स्क्रीनवर टकटक केलं. मग पुन्हा केलं. मग चष्मा काढून पुसला.

"काय आलं?" बाईंनी विचारलं.

"उणे कॉस दोन एक्स... भागिले चार."

"म्हणजे हिचं नाही?"

"नाही. म्हणजे, हिचंही नाही आणि वर्गाचंही नाही."

"मग तीन उत्तरांतलं बरोबर कोणतं?" बाईंचा विषय इतिहास होता, त्या खरोखरच गोंधळल्या होत्या.

ठकू बोलली. "तिन्ही बरोबर आहेत, मॅडम. त्यांच्यात फरक आहे तो फक्त एका ठरलेल्या संख्येचा. शेवटी अधिक सी लिहितो ना, तो सी असले फरक पोटात घालतो."

"सी घालत असेल," मी म्हणाले. "मी घालणार नाही."

सरांनी शेवटचा आधार पकडला. "पण दिवा? दिवा लागलेला नव्हता, पर्यवेक्षकांची तशी नोंद आहे."

"लावा कुलूप. आमच्यासमोर लावा."

त्यांनी लावलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात कुलपाचं चित्र आलं. माथ्यावरचा दिवा मात्र ढिम्म. सरांचा चेहरा क्षणभर खुलला. मी म्हटलं, "आता तेच गणित पुन्हा घाला." त्यांनी घातलं. स्क्रीनवर आलं, 'ही सुविधा बंद आहे.'

"दिवा गेलाय," मी म्हणाले. "कुलूप जागच्या जागी आहे. आमच्या कारखान्यात मशीनवरचा दिवा गेला तर आम्ही दिवा बदलतो. मशीनवरच्या माणसाला चोर म्हणत नाही. तुमच्या पर्यवेक्षकांनी खाली वाकून कोपऱ्यातलं चित्र बघितलं असतं तर त्यांची कंबर मोडली असती का?"

बाई म्हणाल्या की कॉलेज आरोप मागे घेत आहे, आठवडाभरात तसं पत्र पोस्टाने येईल. मी म्हटलं, पोस्टाने नको. आत्ता, याच टेबलावर, सहीशिक्क्यासकट. तोवर आम्ही या बुटक्या खुर्च्यांवर बसतो. पाऊण तास बसलो. पत्र मिळालं. सर म्हणाले, "जरा गैरसमज झाला." तेही भिंतीकडे बघून. मी सांगितलं की भिंतीला काही वाटलेलं नाही, जिला वाटलंय ती इकडे बसली आहे. तेव्हा कुठे ते ठकूकडे वळले आणि "सॉरी" म्हणाले. ठकूने मान हलवली.

बाहेर पडले तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. जिना उतरताना माझी टकळी चालूच होती. चष्मा कसा पुसत होता बघितलंस? हजेरीपटाला माणूस चिकटवला की झाला मास्तर! कशी जिरवली! ठकू एक पायरी मागे राहून उतरत होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

"तू रुमाल काढलास तेव्हा पर्समध्ये एक कागद दिसला," ती म्हणाली. "वर माझा हजेरी क्रमांक आहे."

"काही नाही गं ते. ताईमावशीचं आपलं काहीतरी..."

तिने हात पुढे केला. कारखान्यात मी कुणाला कधी घाबरले नाही. त्या हाताला घाबरले. कागद काढून दिला.

तिने घडी उलगडली आणि उभ्या उभ्या वाचला. तीनच तर वाक्यं होती, पण तिला वेळ लागला. ती रडेल, ओरडेल, फाडून तोंडावर फेकेल, असं मला वाटलं. मी तेच केलं असतं. तिने दप्तरातून पेन काढलं, कागद कठड्यावर ठेवला, एकदाच पेन टेकवलं आणि कागद मला परत दिला.

'मुलीच्या' या एका शब्दावर तिने आडवी रेघ मारली होती. लांब, ठसठशीत, उणे काढते तशी. बाकी काही बदललं नव्हतं. माझ्या हातून चूक झाली. क्षमा असावी. पुन्हा असे होणार नाही. खाली सहीची जागा रिकामी होती.

"कर," ठकू म्हणाली, आणि पेन पुढे केलं.

मी पायरीवर बसले. गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली.