न चढणारा काटा

माकाम्बाकोच्या नाक्यावरून जरा आत वळलं की निलगिरीच्या झाडांखाली लुसुंगु म्वालोंगोचं गॅरेज लागायचं. गॅरेज कसलं, एक जुना लोखंडी कंटेनर, तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि तीस वर्षांचा लौकिक. डोंगरावरच्या त्या गावात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, वारा हाडात शिरतो. त्या दिवशी नऊ वाजून गेले तरी धुकं हललं नव्हतं. धुक्यातूनच योतामचा ट्रक घरघरत आत आला.

योताम त्यात नव्हता. त्याला जाऊन अकरा महिने झाले होते. चाकामागे त्याची बायको वेनेरांदा बसली होती. डोक्याला रुमाल, अंगावर नवऱ्याचं जाड जॅकेट, गुडघ्यांवर घोंगडी. मागे पाइनच्या फळ्यांचा माल दोरांनी घट्ट आवळलेला. नवरा गेल्यावर दिराने ट्रक विकायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "विकून खाऊ किती दिवस? चालवून खाते." आणि खरंच चालवायला शिकली.

"कामवेने, मिस्त्री," ती खाली उतरत म्हणाली.

"कामवेने, सिफाची आई. काय म्हणतोय म्हातारा?"

"म्हातारा पितो फार. पूर्वी दार-एस-सलामला जाऊन यायचा तेवढ्या डिझेलमध्ये आता नुसता जातो. सकाळी पांढरा धूर असा सोडतो की मागचे ड्रायव्हर मला शिव्या घालतात. आणि तो तापमानाचा काटा, तो काही चढत नाही. तळाशी पडून असतो, आळशी नवऱ्यासारखा."

"काटा खाली म्हणजे इंजिन थंड. लोक इथे रडतात गाडी तापते म्हणून, आणि तू तापत नाही म्हणून रडतेस?"

"हसू नका. योतामसुद्धा हेच सांगायचा तुम्हाला, आणि तुम्ही असंच हसायचात."

लुसुंगु हसायचा थांबला. इंजिनाची कामं करताना त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे, म्हणून त्याने केबिन पुढे कलती केली आणि कामाला लागला.

आधी रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं. पाणी कमी असलं की सेन्सर कोरडा राहतो आणि इंजिन जळत असलं तरी काटा गार दाखवतो. अशी फसलेली इंजिनं त्याने पाहिली होती. पण पाणी काठोकाठ होतं. मग सेन्सरची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली आणि वेनेरांदाला काट्याकडे बघायला सांगितलं.

"चढला! एकदम वर गेला!"

"म्हणजे काटा चांगला, वायर चांगली."

मग त्याने सेन्सरच खोलून काढला आणि शेजारच्या तुपोकेच्या चहाच्या टपरीवर गेला. तुपोके मांदाझीच्या गोड पुऱ्या तळत होती.

"तुपोके, उकळतं पाणी दे गं भांडंभर."

"चहा हवाय का?"

"याला हवाय." त्याने सेन्सर दाखवला.

"तुमच्या गाड्या माझ्यापेक्षा लाडक्या," म्हणत तिने पातेलं दिलं. त्याने लांब वायर जोडून सेन्सर त्या पाण्यात बुडवला. काटा सरळ चढत गेला आणि जिथे असायला हवा होता तिथेच थांबला. सेन्सरही खोटं बोलत नव्हता. इंजिन खरोखरच थंड चालत होतं.

सेन्सर परत बसवून त्याने इंजिन सुरू करायला लावलं आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. चांगल्या इंजिनात हा पाइप बराच वेळ गार राहतो. थर्मोस्टॅट बंद असतो, पाणी आतल्या आत तापत राहतं, पुरेसं तापलं की तो उघडतो आणि पाइप एकाएकी चटका देतो. इथे पाइप पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत होता, बाळाच्या दुधासारखा. पाण्याला कुणी अडवतच नव्हतं.

त्याला कळलं. हाताला आधी कळलं, मग डोक्याला. तरी त्याने इंजिन बंद करायला लावून तीन बोल्ट सोडवले आणि थर्मोस्टॅटचं झाकण उचललं.

आत काही नव्हतं. झाकणाच्या कडेला लाल गॅसकेट-गोंद होता, अंगठ्याने एका बाजूला ओढून सारखा केलेला. असा गोंद लुसुंगु स्वतःच लावायचा. अंगठ्याची रेघही त्याचीच.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. किटोंगाच्या घाटात ट्रक तापला म्हणून योताम सिमेंटचा माल भरलेला ट्रक घेऊन आला होता. रेडिएटर गाळाने भरलेला होता. तो काढून साफ करायला दिवस गेला असता आणि योतामला घाई होती. लुसुंगुने थर्मोस्टॅट काढून झुडपात भिरकावला. "हे गोऱ्यांच्या बर्फासाठी असतं. आपल्याकडे काय काम याचं?" असं म्हणाला होता. त्या काळात त्याने असे कितीतरी काढले. सगळेच काढायचे.

"काय झालं?" वेनेरांदाने विचारलं.

"थर्मोस्टॅटच नाहीये आत."

"रस्त्यातल्या कुठल्या तरी मिस्त्रीने काढला असेल. योताम मोरोगोरोलाही दाखवायचा कधीकधी."

वाट मोकळी होती. नुसतं "असेल" म्हटलं असतं तरी भागलं असतं. लुसुंगु हातातला पाना फडक्याने पुसत राहिला. पाना स्वच्छच होता.

"मोरोगोरोच्या कुणी नाही. मी काढला."

धुक्यातून एक बस हॉर्न वाजवत गेली.

"म्हणजे हीटर," ती शेवटी म्हणाली. "हीटर गार हवा फेकायचा, ते यामुळेच?"

"हो. इंजिनाचं पाणीच तापत नसेल तर हीटर काय देणार?"

"चार हिवाळे पायाला घोंगडी गुंडाळून चालवला त्याने. पहाटे निघायचा. घरी आला की तासभर बोटं सरळ व्हायची नाहीत. तुम्हाला सांगायचा ना तो?"

"सांगायचा."

"आणि तुम्ही काय म्हणायचात?"

लुसुंगुला ते शब्द नीट आठवत होते. भर गॅरेजात, चार ड्रायव्हरांसमोर म्हटले होते. "दुसरी बायको कर, ती ऊब देईल." सगळे खो-खो हसले होते. योतामही हसला होता, आणि हसता हसता खोकला होता.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"थंडीनेच गेला का तो, मिस्त्री?"

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"फुप्फुसं गेली म्हणाले. कशाने, ते नाही सांगितलं."

"मग मी तरी काय सांगू?"

ती टपरीवर जाऊन बाकावर बसली. तुपोकेने न मागता आल्याचा चहा पुढे ठेवला. तो तसाच गार होत गेला.

लुसुंगुने ऑइलची पट्टी काढून पाहिली. पातळी खुणेच्या बरीच वर होती. बोटाला लावून वास घेतला, तर डिझेलचा. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि वंगण धुऊन काढतं. चार वर्षं धुत होतं. थर्मोस्टॅटचं झाकण तात्पुरतं लावून त्याने इंजिन सुरू केलं आणि ऑइल भरायचं झाकण काढलं, तर आतून धूर फुसफुसत वर आला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या.

"ऑइल वाढतंय हे तू पाहिलं नव्हतंस?"

"पाहिलं होतं की. न भरता वाढतंय, म्हटलं देवाची कृपा."

दुपारी त्याने एका मोडक्या ट्रकमधून थर्मोस्टॅट काढला, पातेल्यात टाकून तो उघडतो का ते पाहिलं आणि बसवला. रेडिएटर उतरवून तुपोकेच्या नळावर धुतला. चार वर्षांपूर्वी करायचं काम आज केलं. जुनं ऑइल सोडून नवं, जाड भरलं. वेनेरांदा केबिनमध्ये बसली, तो शेजारी.

काटा हलला. हळूहळू मधोमध आला. हीटरमधून आधी धुळीचा वास आला, मग गरम हवा. खरीखुरी गरम. वेनेरांदाने दोन्ही हात त्या जाळीसमोर धरले. बराच वेळ धरून ठेवले. लुसुंगु खिडकीबाहेर बघत बसला.

मग समोरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि खालून ठोका ऐकू येऊ लागला. बारीक, पण ठाम.

"हे काय आता?"

"ऑइल तापलं की पातळ होतं. बेअरिंगं झिजलीत, दाब धरत नाहीत. थंड होतं तोवर घट्ट ऑइलने झाकून नेलं."

"मग दुरुस्त करा."

"क्रँक, लायनर, पिस्टन, सगळं बदलावं लागेल. या ट्रकमध्ये तेवढा जीव उरलेला नाही, सिफाची आई. मी मजुरी घेणार नाही, पण सामानच ट्रकच्या किमतीपेक्षा महाग पडेल."

"आणि असाच चालवला तर?"

"चालेल. हळू ने. घाटात जोर काढू नकोस. किती दिवस, ते सांगता येत नाही."

"तुम्हाला काहीच सांगता येत नाही आज," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

जाताना तिने गुडघ्यांवरची घोंगडी घडी करून सीटवर ठेवली. लागणार नव्हती.

ट्रक सात आठवडे चालला. सप्टेंबरात माफिंगाच्या अलीकडे, सपाट रस्त्यावर इंजिन जॅम झालं. लुसुंगु ऐकताच बस पकडून गेला. क्रँक फिरवून पाहिला, फिरला नाही. माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवत होते. वेनेरांदा कडेला उभी राहून फळ्या मोजून देत होती.

"तुम्ही कशाला आलात?" तिने विचारलं.

"बघावं म्हटलं."

"बघितलंत ना? मग जा. दोनची बस आहे."

महिन्याभरात भंगारवाल्यांनी ट्रक सुटा करून नेला. आता ती माफिंगाच्या लाकडाच्या गिरणीत फळ्या रचते. रविवारी गावात प्रार्थनेला आली की भेटते, "कामवेने" म्हणते, त्याच्या नातवंडांची चौकशी करते आणि पुढे जाते. लुसुंगु मात्र प्रत्येक वेळी तयारी करून जातो, काहीतरी बोलायचं ठरवून. शब्द चर्चच्या दारापर्यंत येतात आणि तिथेच राहतात.

परवा एक तरुण ड्रायव्हर आला. गाडी घाटात तापली होती.

"थर्मोस्टॅट काढून टाका, मिस्त्री. सगळे काढतात."

"नाही काढणार. रेडिएटर धुऊ. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"उद्या? माल सडेल माझा, टोमॅटो आहेत."

लुसुंगुने त्याला समजावलं. सिलिंडर, ऑइल, रिंगा, सगळं. हीटरचं सांगायला लागला आणि मध्येच थांबला. मुलगा घड्याळाकडे बघत होता.

"बाबा, तुम्ही म्हातारे झालात," तो म्हणाला. गाडी वळवून तो रस्त्यापलीकडे नेबोच्या गॅरेजात गेला. लुसुंगु कंटेनरच्या दारात उभा राहून बघत होता. नेबोने तीन बोल्ट सोडवले, आतलं काढलं, झाकण बसवलं. अर्धा तासही लागला नाही. ड्रायव्हरने जाताना खुशीत हॉर्न वाजवला.

लुसुंगुने तुपोकेकडून चहा मागवला. वारा उठला होता. दुपारपर्यंत त्याच्याकडे दुसरी गाडी आली नाही.