आक्काचा भाऊ

जुळे सोलापुरात बागेच्या कोपऱ्यावर आमचा निवृत्तांचा कट्टा भरतो. बरेच दिवस तिथे रक्तदाब, साखर आणि मुलांचे पगार एवढेच विषय होते. शेवटी सिद्धरामअप्पा कंटाळले. नातीच्या फोनवर त्यांनी कुठलासा खेळ पाहिला होता: स्वतःबद्दल कुणाला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगायचं. अप्पांनी त्याला नियम जोडला, फक्त लहानपणचं सांगायचं. ज्याला लहानपणी मधुमेह होता त्यानेच मधुमेहावर बोलावं.

या खेळात मी लगेच पुढे गेलो. सरकारी नोकरीत जन्मभर पाहणीचे अहवाल लिहिले. न पाहिलेलं तपशीलवार सांगायचा सराव आहे.

मेंढीची गोष्ट कट्ट्याला फार आवडली. जेऊरच्या माळावर आमची मेंढरं होती. एका मेंढीचं कोकरू मेलं आणि त्याच सुमाराला दुसरं एक कोकरू आईवाचून राहिलं. अशा वेळी आमच्यात मेलेल्या कोकराचं कातडं त्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते, वास ओळखीचा लागतो, आणि ती पाजते. इथपर्यंत खरं. पुढचं मी कट्ट्यावर बसल्या बसल्या रचलं.

"दुपारी सगळे झोपले तसा मीच ते कातडं पांघरून मेंढीपाशी गेलो. तिनं हुंगलं आणि मला चाटून काढलं. म्हणून तर माझे हे कपाळावरचे केस अजून उभे राहतात."

"अहो, कोकराचं कातडं केवढं, तुम्ही केवढे?" अप्पा म्हणाले.

"बारीक होतो तेव्हा."

सगळे हसले. प्रदीपराव तेवढे हसले नाहीत. "जीभ कशी होती तिची?" त्यांनी विचारलं.

"खरखरीत," मी म्हणालो. ऐकणारा असला की मी मागेपुढे पाहत नाही.

हे प्रदीपराव नवीनच राहायला आलेले. समोरच्या इमारतीत भाड्याने, एकटे. आडनाव विचारलं तर म्हणायचे, "प्रदीपच म्हणा." त्यांची पाळी आली तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "माझं काही नाही हो. संस्थेत वाढलो. तिथं सगळ्या पोरांना मिळून एकच लहानपण होतं."

अप्पांनी त्यांना शेंगा दिल्या आणि पाळी माझ्याकडे सरकवली.

तेव्हापासून ते माझ्या शेजारी बसू लागले. विचारायचे फार. आई कधी गेली? मग कुणी सांभाळलं? आक्का म्हणजे सख्खी थोरली बहीण का? ती हाक कशी मारायची, लांबवून की तोडून? मी सगळं सांगितलं. आक्का अजून आहे, जेऊरला तिच्या मुलाकडे, सिदूकडे असते, हेही सांगितलं. दोन्ही डोळे गेलेत, डोकंही मधूनच भरकटतं. मी दर महिन्याला गाडीने जातो. गेलो की ती विचारते, "कोन?" मी म्हणतो, "धन्या." ती म्हणते, "कशावरनं?" मग मी लहानपणचं काहीबाही सांगतो, ती म्हणते, "व्हय," आणि माझ्या तोंडावरून हात फिरवते. जगात मला धन्या म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलंय. बाकीच्यांना मी धनाजीराव; रिक्षावाल्यांना नुसता काका.

"भाग्य लागतं," प्रदीपराव म्हणाले.

एकदा मला कट्ट्यावर पोचायला उशीर झाला. लांबूनच हसणं ऐकू आलं. प्रदीपराव सांगत होते, "...आणि मेंढीनं मला चाटून काढलं!" हात माझ्यासारखेच हलत होते. विनोदाच्या आधी मी खोकतो तिथे ते खोकलेसुद्धा. मी बसलो. आता कुणीतरी त्यांना अडवेल म्हणून वाट पाहिली.

"धनाजीराव, ऐकलंत का?" अप्पा डोळे पुसत म्हणाले. "यांची मेंढी ऐका. तुमच्याकडेही होतं ना असलंच काहीतरी?"

मला राग आला, पण तो गोष्ट चोरीला गेल्याचा नव्हता. माझ्यापेक्षा त्यांना जास्त हशा मिळाला होता.

पुढे प्रदीपराव गुरुवारचे दिसेनासे झाले. "गावाकडं जातात," अप्पा म्हणाले. गाव कुठलं, हे विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नाही.

त्या महिन्यात माझं जाणं गुरुवारी पडलं. जेऊरला उतरून घरी पोचलो तर सिदू दारातच उभा. एरवी पिशवी घ्यायला पुढे येणारा हा भाचा आज चपलांकडे बघत होता.

"मामा, आदी च्या घ्या."

"आक्का कुठंय?"

"आत हाय की. पावनं आल्यात."

आत खाटेच्या कडेला प्रदीपराव बसले होते. आक्काला दूध-भाकरी भरवत होते. कपाळावरचे केस तेल लावून उभे केलेले.

"या, बसा," ते मला म्हणाले.

सिदूने मला दंडाला धरून बाहेर घेतलं. "तुमीच पाटवलं म्हनले. दर गुरुवारी येत्यात. आई जेवत नव्हती मामा, आता त्यांच्या हातनं भाकर खाती. तिला वाटतंय तुमीच हाय. असू द्या की. तुमाला बी लांबच पडतं."

मी त्याचा हात सोडवून आत गेलो. "आक्का, मी धन्या."

"कोन?"

"धन्या."

"धन्या तर ह्यो हितं हाय."

"हा आमच्या बागेत बसणारा माणूस आहे. धन्या मी आहे."

आक्काने मान वळवली. तिचे पांढरे डोळे माझ्या खांद्यावरून भिंतीकडे गेले. "मग सांग की. कोकरू मेलं तवा काय जालं?"

मी घसा साफ केला. जन्मात पहिल्यांदा जसं घडलं तसं सांगायचं ठरवलं. "बापानं कातडं सोललं. मी भिऊन पळालो आणि तुझ्या लुगड्यात तोंड खुपसलं. कोकराच्या पाठीवर कातडं तूच बांधलंस. तुझ्या हाताला वास राहिला म्हणून मी कितीतरी दिवस तुझ्या हातचं खाल्लं नाही. तू चुलीआड बसून रडलीस."

आक्काने शेजारी चाचपून प्रदीपरावांचं मनगट धरलं. "आन तू रं?"

प्रदीपराव आधी खोकले. "मीच कातडं पांघरून गेलतो की आक्का. मेंढीनं चाटलं मला. जीब लई खरखरीत."

आक्का हसत सुटली. हसता हसता ठसका लागला, त्यांनी पाठ चोळली. "ह्यो बगा! ह्योच माजा धन्या. जल्मात येक गोष्ट सरळ सांगितली न्हाई मेल्यानं!"

"आक्का," मी म्हणालो, "मी खरं सांगितलं."

"व्हय की बाबा. खरंच सांगितलंस. म्हनून तर." माझ्याकडे हात आला नाही. "सिदू, पावन्याला ताट कर."

मग ती प्रदीपरावांकडे कलली. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिची कुजबूज अंगणापर्यंत जाते. "दर म्हयन्याला येतो बिचारा. माजा भाऊ हाय म्हनतो. मी बी व्हय म्हनते. त्येला बी कुनी नसंल."

प्रदीपरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खरं होतं.

सिदूने ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. सगळे थांबले होते, म्हणून मी घास घेतला.

"पावनं," आक्काने विचारलं, "भाजीत मीठ हाय का बगा. सूनबाई इसरती."

"हाय," मी म्हणालो.

भाजी अळणी होती.