गेट नंबर दोनजवळची चिंच

दोन हजार चार साली चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या आमच्या कारखान्याला गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं झालं. त्यासाठी लागणारी एकशे बारा पानांची कार्यपद्धती मी एका दुपारीच लिहिली. लिहिली म्हणजे पुण्याच्या कारखान्याची फाइल उघडली, सगळं कॉपी केलं, पेस्ट केलं आणि जिथे पुणे होतं तिथे गुम्मिडिपूंडी टाकलं. आमचे मॅनेजर गुरुमूर्ती इतके खूश झाले की त्यांनी न वाचताच सही ठोकली.

वाचली ती फक्त व्यासराजरावांनी. तंजावरकडचा मराठी माणूस, पन्नाशीचा, सहा वर्षं आमच्याकडे कंत्राटी कारकून. प्रमाणपत्राचं ऑडिट पार पडलं की कायम करतो, असा शब्द गुरुमूर्तींनी त्यांना दिला होता. म्हणून बिचारे वेस्ट मांबलमहून येता-जाता गाडीत पान न् पान वाचत.

"सार, अस्की वाचलों, पहिल्यापासून शेवटपर्यंत," एके सकाळी ते म्हणाले. "आग लागली तर गेट नंबर दोनजवळच्या चिंचेखाली जमायचं म्हणून आहे. आम्हांस गेट एकच. चिंच कें आहे?"

चिंच पुण्यात होती. कागद दुरुस्त करायचा तर मुख्य कचेरीची मंजुरी लागणार, म्हणजे तीन आठवडे. ऑडिटर सोमवारी येणार. गुरुमूर्ती हुशार माणूस. कागद बदलता येत नाही ना, मग कारखाना बदला, म्हणाले. मागच्या भिंतीतल्या लहान दारावर 'गेट नं. २' रंगवलं गेलं आणि रोपवाटिकेतून चिंच आणून तिथे लावली. चिंच जेमतेम माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती.

"सार, तिथें थिनरचं गोदाम आहे," व्यासराजराव मला हळूच म्हणाले. थिनर एका ठिणगीने पेटतं, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, सोमवारपुरतं गप्प बसा.

सोमवारी भोंगा वाजला. मे महिन्याच्या उन्हात दोनशे माणसं त्या रोपाभोवती बारशाला जमल्यासारखी उभी राहिली. ऑडिटर यादीवर खुणा करत फिरला आणि नेमका व्यासराजरावांपाशी थांबला. आग लागली तर कुठे जमाल, असं त्याने विचारलं.

"लिहिलेलं इथेंच आहे," ते म्हणाले. "पण खरी आग लागली तर मी इथें येणार नाही. बाजूला थिनर आहे."

ऑडिटरने गोदामाकडे मान वळवलीसुद्धा नाही. अहवालात एकच त्रुटी निघाली: एका कर्मचाऱ्यास कार्यपद्धतीचे पुरेसे ज्ञान नाही. प्रमाणपत्र मिळालं, मला बढती मिळाली आणि त्या एका कर्मचाऱ्याचं कंत्राट संपवण्यात आलं. मला लाज वाटली. गुरुमूर्तींच्या केबिनमध्ये जाऊन तोंड उघडावं इतकी मात्र वाटली नाही.

त्यांना अनुभवाचा दाखला देण्याचं काम माझ्याकडेच आलं. मी एक जुना दाखला उघडला, कॉपी केला, नाव बदललं, छापला. व्यासराजरावांनी तो उभ्यानेच शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"सार, मी सहा वर्षं वेल्डिंग केलों म्हणून आहे ह्यांत."

मी ओशाळून दाखला परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"असूं द्या, सार," ते म्हणाले. "कोण वाचतो."