बांधीएवढं मैदान

शगुफ्ताने हद्दीवरचा तिसरा प्लास्टिकचा कोन उचलला आणि आठ पावलं आत आणून आदळला.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या?" नागसेन सर पलीकडून धावत आले. गळ्यातली शिट्टी त्यांच्या पोटावर आपटत होती.

"मैदान नीट करून राह्यली."

"चाळीस बाय तीस मीटर आहे ते. सकाळी टेप लावून आखलं मी."

"तेच सांगून राह्यली ना तुम्हाले. तुम्ही आखता आखताच अर्धी निवड करून टाकली."

जानेवारीतली सकाळ होती. चंद्रपूरच्या त्या मैदानावर जिल्हाभरातून चाळीसेक पोरी फुटबॉलच्या निवड चाचणीला आल्या होत्या आणि निवासी क्रीडाशाळेला त्यांतल्या फक्त दोघी हव्या होत्या. निवड करणारे एकटे नागसेन सर. चारचार पोरींचे संघ, गोलकीपर नाही, दहा मिनिटांचा खेळ. माणूस वाईट नव्हता, पण शगुफ्ताला त्या वेळी तो वाईटच दिसत होता. चाळीस बाय तीस म्हणे! टेप लावला म्हणजे न्याय झाला, असं वाटणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी राग होता.

तिने एकच पोरगी आणली होती, दिव्यानी. मूल तालुक्यातल्या ज्या गावात शगुफ्ता खेळाची शिक्षिका होती, तिथल्या वारलूची मुलगी. वय तेरा वर्षं दहा महिने. चौदाची अट होती, म्हणजे पुढच्या वर्षी हिच्यासाठी ही चाचणी नव्हतीच. आणि पुढच्या महिन्यात दिव्यानीची आई मनकर्णा गावातल्या बायांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जाणार होती. नाव लागलं नाही तर पोरीला सोबत नेईन, असं तिने काल सरळ सांगितलं होतं. त्यात राग नव्हता की कुरकुर नव्हती. घरात दोन हात वाढले होते, एवढंच तिचं म्हणणं. ती आता झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"एवढ्या जागेत चार पोरी सोडल्या का कोण दिसते, सांगा," शगुफ्ताचा आवाज चढला. "लांब टांगेची. बॉल पुढे मारा अन् त्याच्या मागं पळा. दहा मिनिटांत एकेकीच्या पायाले बॉल किती वेळा लागते, मोजलं कधी? मी मोजलं. तीन वह्या भरल्या माझ्या. लहान चौकोनात दुप्पट लागते. तिथी कळते पोरीले खेळता येते का नाई."

"अन् लहान चौकोनात पळावंच लागत नाई, त्याचं काय?" सर म्हणाले. "शेवटी खेळायचं आहे मोठ्या मैदानावर. हे काही तुमच्या गावची बांधी नोहे, मॅडम."

एवढं बोलायला नको होतं त्यांनी.

बांधी म्हणजे धानाचा तुकडा, चारी बाजूंनी मातीचा धुरा. पावसाळ्यात त्यात पाणी अडवायचं आणि रोवणी करायची. शाळेला एकेकाळी मैदान होतं. अर्ध्यावर सभागृह उभं राहिलं, उरलेल्या अर्ध्यावर सिमेंटचे गट्टू बसले आणि त्यावर सरपंचाच्या पाहुण्यांच्या गाड्या. शगुफ्ताने तीन वर्षं अर्ज केले. तिसऱ्या अर्जावर तिला विचारण्यात आलं, की पोरींना लंगडी चालणार नाही का. त्या दिवशी ती पोरींना घेऊन तडक शाळेमागे गेली. धान कापून झालेलं होतं. वारलूच्या बांधीतली धसकटं त्यांनी खुरप्याने काढली आणि तिथेच बॉल टाकला. तीस पावलं बाय वीस पावलं, त्याच्यावर एक पाऊल नाही. पुढे पुढे तिला ती बांधी आवडायलाच लागली. कोंडलेल्या जागेत पोरी भराभर शिकत होत्या. बॉल आला की विचार आधीच झालेला पाहिजे, नाहीतर समोरची अंगावर येते. आणि बॉल धुऱ्याला लागून परत येतो, त्यामुळे खेळ थांबत नाही.

मोठ्या मैदानाशी तिचं स्वतःचं जुनं भांडण होतं, ते मात्र ती कोणाला सांगत नसे. पंधराव्या वर्षी ती ह्याच मैदानावर उभी होती. चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आत, अब्बांच्या सायकल दुकानामागच्या गल्लीत ती पोरांना नाचवायची. जलालुद्दीन मिस्त्रींची पोरगी म्हणून तिचं नाव होतं. इथे चाळीस मिनिटांत तिच्या पायाला बॉल लागला अकरा वेळा. संध्याकाळी नावं वाचली, त्यात ती नव्हती. वीस वर्षं झाली, पण तो अकराचा आकडा काही तिच्या डोक्यातून गेला नाही.

"बांधीच आहे," ती सरांना म्हणाली. "बांधीत शिकली म्हणून पोरीले तुम्ही दिसूच नाई देणार? तसं असन त कागदावर लिहून द्या मले. आत्ताच्या आत्ता."

आजूबाजूचे पालक जवळ सरकले. कोणीतरी मोबाइल काढला. नागसेन सरांनी मोबाइलकडे पाहिलं, शगुफ्ताकडे पाहिलं आणि हात जोडले.

"घ्या बाई. तुमच्या मनासारखं. पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांत दिव्यानीने काय केलं नाही! तळव्याखाली बॉल दाबून फिरली, दोघींच्या मधून निघाली, न पाहता मागे पास दिला. शगुफ्ता ओठ आवळून मोजत होती. नऊ, दहा, अकरा, बारा. बाराला तिचा श्वास सुटला. मग दिव्यानीने डावीकडे जोरात बॉल मारला आणि स्वतः पुढे धावली, तो परत येईल म्हणून. बॉल सरळ बाहेर गेला आणि मनकर्णाच्या डब्यापाशी जाऊन थांबला. मिनिटभराने तिने पुन्हा तेच केलं. लोक हसले.

"अबे, कोणाले पास देऊन राह्यली?" एक बाप ओरडला.

धुऱ्याला, असं शगुफ्ताला ओरडून सांगावंसं वाटलं. चारी बाजूंनी धुरा असतो रे तिच्या मैदानाला, तुम्हा लोकांच्या कृपेने. तिने त्या बापाकडे असं पाहिलं की तो खिशात तंबाखूची पुडी शोधू लागला.

शिट्टी झाली. नागसेन सर कागदावर काही लिहीत आले.

"पाय चांगले आहेत पोरीचे. खोटं नाई बोलत. पण दम दिसला नाई. माझ्या मापावर एकदा पाहतो, मंग ठरवू."

"नाई."

"मॅडम..."

"नाई म्हणजे नाई. खेळता येते हे दिसलं ना तुम्हाले? मंग लिहा नाव. पोरगी काय घोडा आहे, पळवून पाहाले?"

"मंग मी नाव कसं लिहू?"

"नका लिहू. चाल गं दिव्यानी."

तिने पोरीचा दंड धरला आणि ती फाटकाकडे निघाली. कानशिलं तापली होती. आपण काय करतोय हे तिला समजत होतं आणि तरी पाय थांबत नव्हते. ह्या मैदानाने एकीला गिळलं, दुसरी ती त्याला देणार नव्हती. मनकर्णा गडबडून उठली आणि डब्याचं झाकण शोधू लागली.

दहाबारा पावलांवर दिव्यानीने हात सोडवून घेतला. झटका नाही दिला, नुसता सोडवला.

"मी खेळतो मॅडम."

"तुले समजत नाई. तिथी बॉलच नाई लागणार तुह्या पायाले."

"लागन ना."

"अन् नाई लागला त? मिरच्या तोडशीन?"

पोरीने खाली पाहिलं. बुटाची लेस सुटली होती, ती बसून नीट बांधली आणि उठून परत मैदानाकडे चालू लागली. सात वर्षांच्या नोकरीत शगुफ्ताचा शब्द कोणा पोरीने असा ओलांडला नव्हता. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती फाटकाजवळच उभी राहिली. बघायचंच नाही, असं तिने ठरवलं आणि अर्थातच बघितलं.

कोन पुन्हा सरांच्या मापावर गेले होते. पहिली दोन मिनिटं दिव्यानीकडे बॉल आला नाही. बघ, शगुफ्ता स्वतःशी पुटपुटली, सांगितलं होतं ना. तेवढ्यात बॉल मधोमध सुटला आणि दिव्यानी त्याच्यामागे निघाली. ती पळत होती. शगुफ्ताने तिला सात वर्षांत कधी असं पळताना पाहिलंच नव्हतं. पावलं लांब, मान ताठ, बॉल चारपाच हात पुढे. लांब टांगेची एक पोरगी बरोबरीने आली आणि मागे पडली. दिव्यानीने मध्येच एकदा गुडघे वर घेऊन टुणकन उडी मारली. तिथे जमिनीवर काहीच नव्हतं. लोकांना पुन्हा हसू आलं, पण ह्या वेळी ती गोल करून परतली होती आणि हसू थोडक्यात आटोपलं. अशी धाव तिने तीनदा घेतली. दहाव्या मिनिटालाही तिचा श्वास ठिकाणावर होता.

नागसेन सरांनी कागदावर नाव लिहिलं आणि पूर्ण नाव विचारून घेतलं. फाटकापासून परत आलेल्या शगुफ्ताकडे पाहत ते म्हणाले, "दिसली की नाई मोठ्या मैदानावर? अन् एवढं पळणं कुठी शिकली गं तू? मॅडम त बांधीतच खेळवतात म्हणे."

दिव्यानीने शगुफ्ताकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"सांग ना वो, लाजतं काऊन?" मनकर्णाला कौतुक आवरेना. "पाच बांध्या घेतेत ह्या पोरी, सर. आमची एक, इसरूभाऊच्या दोन अन् पलीकडच्या दोन. मॅडम साडेपाचच्या एसटीत बसल्या का ह्यायचं सुरू. धुऱ्यावरून उड्या मारत, इकडून तिकडं. दिवस बुडेपर्यंत ओरडतो आमी, पण घरी येतीन त शप्पत."

नागसेन सर मोठ्याने हसले. मग शगुफ्ताचा चेहरा पाहून त्यांनी कागदाची घडी घातली आणि पुढच्या संघाला हाक मारत निघून गेले.

"कधीपासून?" शगुफ्ताने विचारलं.

"दोन वर्षं झाले, मॅडम."

"सगळ्याजणी?"

"हो."

एसटीच्या खिडकीतून ती रोज मागे वळून पाहायची. बांधी रिकामी दिसायची, पोरी धुऱ्यावर ओळीने बसलेल्या, हात हलवणाऱ्या. किती शहाण्या माझ्या पोरी, असं तिला वाटायचं. पाठ वळायची वाट पाहत होत्या तर. राग आला, खूप आला, आणि नेहमीसारखा तो कोणावर काढावा हे काही केल्या सुचेना.

"मले काऊन नाई बोलावलं कधी?" तिने दरडावून विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

दिव्यानीने आईकडे पाहिलं. आई डब्यातली भाकर मोडत होती.

"तुमी आल्या असत्या त मोजलं असतं, मॅडम."